दिल्ली ते रंगून: नऊ तास चव्वेचाळीस मिनिटं

दिल्ली ते रंगून चौदाशे साठ मैल. ताशी दीडशे मैलांनी विमान गेलं तर नऊ तास चव्वेचाळीस मिनिटं. वाटेत उतरण्याचा, तेल भरण्याचा वेळ वेगळा धरायचा. हे आकडे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाहीत. ते दगडू गुरुजींचे आहेत. परवा वर्तमानपत्रात दोन्ही राजधान्यांमधल्या विमानाची बातमी होती. त्यात दिलेलं अंतर आणि गुरुजींचं अंतर यांत दहा-बारा मैलांचाच फरक निघाला. मी पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी शाळेत गेलो नाही.

गुरुजींना जाऊन आता पाच वर्षं झाली. त्यांच्याविषयी मी घरातही कधी बोललो नाही. विषय निघालाच तर 'नंदुरबारला आमच्या शाळेत एक गुरुजी होते' एवढं म्हणून मी पान लावायला घेतो. आता लिहायचं ठरवलंय, तर सगळं लिहीन.

मी नंदुरबारच्या मराठी शाळेत रुजू झालो तेव्हा तिशीला टेकलो होतो. मॅट्रिक होतो, म्हणून शाळेत इंग्रजी पत्र आलं की माझ्यापुढे यायचं. गुरुजी माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, फायनल आणि ट्रेनिंग झालेले. अंगात गळाबंद कोट, डोक्यावर काळी टोपी आणि खिशात दोऱ्याची रिळं. जातीने शिंपी. वडिलांचं दुकान भावाकडे गेलं, वाट्याला दोरा आला, असं ते स्वतःच सांगत. नकाशावर अंतर मोजायला ते पट्टी वापरत नसत. मेण लावलेला दोरा नदीच्या वळणावरून, घाटावरून, रुळावरून फिरवायचा, मग ताणून धरायचा, आणि मुलांनी मैल सांगायचे.

लांबच्या अंतराला मात्र नकाशा त्यांना चालत नसे. "कागद सपाट, पृथ्वी गोल. कागद खोटं बोलतो," म्हणत. पृथ्वीचा गोल विकत घेण्याची शाळेची ऐपत नव्हती. म्हणून गुरुजी कुंभाराकडे गेले आणि म्हणाले, मला तोंड नसलेलं मडकं हवंय.

कुंभार चाक थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला. "गुरुजी, तोंडच नही, मंग पानी कोठून भरशात?"

"पाणी बाहेरून आहे त्याला," गुरुजी म्हणाले.

कुंभाराने दोन अर्धी मडकी करून ओली असतानाच जोडली. पहिली दोन भट्टीत फुटली, तिसरं टिकलं. त्याच्यावर गुरुजींनी गेरू, नीळ आणि चुना यांनी पृथ्वी रंगवली. सातपुडा जरा मोठा झाला होता, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. मडक्याच्या घेरावर एकदा दोरा फिरवला की पंचवीस हजार मैल. बाकी सगळी त्रैराशिकं.

त्यांच्या वर्गात एक प्रश्न ठरलेला असे: दोन राजधान्या सांगा, त्यांच्यातलं अंतर सांगा, आणि विमानाला किती वेळ लागेल ते सांगा. दिल्ली-लंडन, दिल्ली-काबूल, लंडन-पॅरिस. ज्यांनी सुरतेच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही अशी कोळ्यांची, गुजरांची, शिंप्यांची मुलं खडाखड सांगत. गुरुजी स्वतःही एका बाजूला सुरत आणि दुसऱ्या बाजूला भुसावळ, एवढंच गेले होते. मुंबई त्यांनी पाहिली नव्हती.

"मैल सरकारचे. वेळ माणसाची," हे त्यांचं वाक्य. ते त्यांनी आमच्या शिपायाकडून उचललं, असं मला वाटतं. सेल्या पावरा हा शिपाई तोरणमाळचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना लहर आली. त्यांनी त्याला विचारलं, "तुझं गाव इथून किती लांब?"

सेल्या म्हणाला, "रिकामा गेलो ते दोन दिस. डोईवर मीठ असलं ते तीन. बायकोसंगं गेलो ते..."

"तर किती?"

"ते तिला इचारा साहेब."

सगळे हसले. साहेबही हसले. म्हणाले, या लोकांना अंतर शिकवायला हवं. गुरुजी मात्र हसले नाहीत. हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, त्याने बरोबर सांगितलं. ओझ्यासकट सांगितलं. आमच्या पुस्तकात ओझं धरत नाहीत." साहेबांनी शेरा काय लिहिला ते मला माहीत आहे. तो इथे लिहीत नाही. पण त्या वर्षापासून गुरुजींच्या प्रत्येक उदाहरणात ओझं आलं. विमानात माणसं किती, सामान किती, वारा समोरून की मागून.

विमान त्यांच्या डोक्यावरून एकदाच गेलं. शाळा सुटायच्या सुमाराला कोरीट गावाच्या बाजूने घरघर आली. आम्ही सगळे पटांगणात धावलो. बाजारातली माणसं दुकानं टाकून रस्त्यावर आली, एका म्हातारीने हात जोडले. विमान दक्षिणेच्या टेकाडावरच्या लिंबाच्या पलीकडे गेलं तशी मी वळलो. गुरुजी ओट्यावर उभे होते. त्यांच्या हातात घड्याळ होतं.

"गुरुजी, पाहिलंत?"

"वेळ पाहिली," ते म्हणाले.

विमान दिसू लागल्यापासून नाहीसं होईपर्यंत त्यांनी मान वर केलीच नव्हती. आवाजावरून सुरुवात धरली आणि पोरांचा कल्ला ओसरला तिथे शेवट धरला. पुढच्या रविवारी ते कोरीटच्या वाटेवर, विमान पहिल्यांदा दिसलं म्हणून पोरांनी दाखवलेल्या खुणेपासून त्या लिंबापर्यंत पायी गेले, पावलं मोजत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ताशी नव्वद मैल, आणि कंसात: वारा समोरून असावा.

घरी गुरुजी आणि काकू दोघंच. काकूंना अक्षरओळख नव्हती. एकुलता मुलगा मुरली हिशेबात चांगला निघाला. आमच्याकडच्या हरकचंद शेठच्या भाच्याची रंगूनला तांदळाची पेढी होती. शेठच्या शब्दावर मुरली तिथे हिशेब लिहायला गेला. त्यानंतर पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशात दोन्हींमध्ये शाईने रेघ मारली आणि रंगूनखाली 'राजधानी' असं लिहिलं. मला म्हणाले, "मास्तर, मुरली जागचा हलला नाही आणि परदेशी गेला."

त्याच दिवशी त्यांनी मडक्यावर दिल्ली-रंगून मोजलं. सात वेळा मोजून सरासरी काढली. मडकं मुद्दाम घरी नेऊन काकूंना दाखवलं. दोरा बोटाच्या दोन पेरांएवढा भरला. काकूंनी ती दोन पेरं आपल्या बोटावर धरून पाहिली.

"इतलंच शे?" त्या म्हणाल्या. "मंग पोऱ्या सनले कसाले येत नही?"

सणाला यायला मुरलीला बोटीचे तीन दिवस आणि गाडीचे तीन दिवस लागत. तो एकदाच आला. तेव्हा मीही त्याला पाहिलं. बापासारखाच उंच, खांदे पाडून चालणारा. आल्या आल्या बापाने त्याला पहिला प्रश्न विचारला तो बोटीचा वेग किती, हा.

एकेचाळीसच्या हिवाळ्यात जपान युद्धात उतरला. आता माझ्या गोष्टीला सुरुवात होते. इथपर्यंत मी टाळत आलो.

गुरुजी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. "मास्तर, विमानाच्या कंपनीचं हापीस कलकत्त्याला आहे. रंगूनहून दिल्लीपर्यंत एका माणसाची जागा हवी, असं इंग्रजीत पत्र लिहून द्या. भाडं ते म्हणतील ते. मी भावाला दुकान विकायला लावतो." मी विचारलं, दिल्लीच का? ते म्हणाले, "कलकत्ता लोक सोडायला लागलेत. दिल्ली राजधानी आहे. तिथून भुसावळची गाडी सरळ."

मी हो म्हणालो. त्या संध्याकाळी लिहायला बसलोही. माझं इंग्रजी वर्गात चालत होतं. वर्गाबाहेर ते कधी गेलंच नव्हतं. कलकत्त्याच्या त्या कचेरीत कुणी साहेब हे पत्र उघडेल, बाजूच्याला वाचून दाखवेल, दोघं हसतील, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. चार ओळी लिहून मी कागद वहीत ठेवला. उद्या शब्दकोश बघून पुरं करू म्हटलं. आणि मनात हेही होतं की शिंपी मास्तराच्या मुलाला विमानात कोण बसवतो?

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, तिसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवशी ते विचारायला तोंड उघडत होते, त्याआधीच मी म्हणालो, "टाकलं पत्र."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

नाताळाच्या सुमारास रंगूनवर बॉम्ब पडले. हरकचंद शेठ स्वतः शाळेत आले. हातात तार होती. "गुरुजी, म्हारा भाणजा बायकापोरांना घेऊन बोटीत बसतोय. डेकवर एक जागा आहे. मुरलीला बसवू का? आजच सांगा, बोट थांबायची नाही."

गुरुजींनी तोंडातल्या तोंडात आकडे जुळवले. बोट समुद्रात बहात्तर तास, वर विमानं, खाली पाणबुड्या. विमान दहा तासांच्या आत. "बहात्तर तास भीती की दहा तास?" त्यांनी शेठना विचारलं.

"आणि विमान येईपर्यंत?" शेठ म्हणाले.

"शेठ, रंगून राजधानी आहे. सरकार राजधानी शेवटी सोडतं. तोवर मास्तरांच्या पत्राचं उत्तर येतं."

काकू निरोप ऐकून शाळेपर्यंत आल्या होत्या. एरवी त्या कधी येत नसत. दाराबाहेरूनच म्हणाल्या, "बोटमा आपला मानसे ऱ्हातीन. इमानमा तो एकला पडी. त्याले बोटमा बसू द्या."

"तुला कळत नाही," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही सांगा. उत्तर येईल ना?"

तेव्हा बोललो असतो तर शेठची तार तासाभरात गेली असती. मी शेठकडे पाहिलं, दाराबाहेरच्या लुगड्याच्या काठाकडे पाहिलं. शाळेतल्या सगळ्यांसमोर, मी पत्र टाकलंच नाही, हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "यायला हरकत नाही."

मुरलीला तार मीच इंग्रजीत लिहून दिली. थांब, विमानात जागेची व्यवस्था चालू आहे. पाच-सहा शब्दांची तार. ती मात्र मी बिनचूक लिहिली.

त्याच रात्री पत्र पुरं करून टाकता आलं असतं, असं वाचणारा म्हणेल. मीही म्हणतो. पण आता टाकलं तर कंपनीच्या उत्तरात तारीख येईल, माझं खोटं उघडं पडेल, या भीतीने मी ते टाकलं नाही. वहीतला कागद काढून चुलीत घातला.

शेठचा भाचा माणसांसकट सुखरूप कलकत्त्याला उतरला. माघात मुरलीचं पत्र आलं. गुरुजी ते घेऊन माझ्या खोलीवर आले, उभ्यानेच वाचून दाखवलं. रोज कंपनीच्या हापिसात जातो. ते म्हणतात, नावाची नोंद नाही. मास्तरांनी पत्र कोणत्या तारखेला टाकलं ते कळवा, म्हणजे मला त्यांच्याशी बोलता येईल. पेढीवर आता मी आणि एक स्वयंपाकी एवढेच आहोत. आईला काळजी करू नको म्हणावं.

"तारीख सांगा मास्तर," गुरुजी म्हणाले. त्यांनी दौत बरोबर आणली होती.

मी तारीख सांगितली. मनाला येईल ती. त्यांनी ती लिहून घेतली, खाली रेघ ओढली. ती तारीख घेऊन मुरली त्या हापिसाच्या दारात उभा राहिला असेल का, आणि त्याला काय सांगितलं असेल, हे मी त्यानंतर कितीदा डोळ्यांपुढे आणलं ते सांगून उपयोग नाही.

फाल्गुनात रंगून पडलं. मुरलीचं पुढचं पत्र आलं नाही. उन्हाळ्यात शेठच्या ओळखीचा एक माणूस डोंगरांतून चालत आसामात उतरला. त्याच्याकडून एवढंच कळलं की रंगूनच्या उत्तरेला, प्रोमच्या रस्त्यावर, चालणाऱ्या लोकांच्या लोंढ्यात, त्याला मुरलीसारखा एक जण दिसला होता. उंच, खांदे पाडून चालणारा.

गुरुजींनी मडक्यावर पुन्हा दोरा धरला. आता विमान नव्हतं. दिवसाला दहा मैल, ओझं नाही. मग दिवसाला आठ मैल, ताप. मग सहा, नद्यांना पूर. एक तारीख काढली, ती गेली. दुसरी काढली, तीही गेली. वर्गात मुलांना राजधान्या विचारणं बंद झालं. ते आता फक्त पुस्तकातलं वाचून दाखवत. मुलं मागे कुजबुजत, त्यांना ऐकू येत नसे. श्रावणात मी त्यांना विचारलं, "आता कोणती तारीख धरलीत?" वेग किती धरावा तेच कळत नाही, म्हणाले. त्यानंतर मडकं पुन्हा शाळेत आलं नाही.

दिवाळीनंतर माझी धुळ्याला बदली झाली. मी मागून घेतली होती, हेही सांगून टाकतो. निघायच्या दिवशी संध्याकाळी टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा करून मी त्यांच्या घरी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यही जुळवलं होतं.

गुरुजी ओसरीवर बसले होते. अंगावर कोट नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना कोटाशिवाय पहिल्यांदाच पाहिलं. खांद्याची हाडं वर आली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी वाक्य सुरू करणार तोच ते म्हणाले, "मास्तर, तुम्हाला वाईट वाटत असेल. वाटून घेऊ नका. तुम्ही तुमचं काम केलंत. चूक माझी. मी वेळ मोजली, जागा मिळेल की नाही ते मोजलं नाही."



काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या इतक्या वाळल्या होत्या की मी क्षणभर ओळखलं नाही. त्यांनी मला ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. सरळ विचारलं, "मास्तर, माले खरं सांगा. तो कागद टाकेल व्हता का?"

"कसाले इचारस?" गुरुजी एकदम ओरडले. मी त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. आणि घरची बोलीही त्यांनी माझ्यासमोर तेवढी एकदाच वापरली. "मास्तर खोटं बोलतीन का?" मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, शाळेतल्या मराठीत म्हणाले, "मुरलीचं शेवटचं पत्र आल्यापासून हिने एकच धरलंय. मास्तरांनी पत्र टाकलंच नाही म्हणते. संध्याकाळचं जेवण सोडलंय. मी सांगून थकलो. तुम्ही आलाच आहात, तर एकदा तुमच्या तोंडून सांगा."

दोघंही माझ्याकडे बघत होते. गुरुजींच्या चेहऱ्यावर विनंती होती. काकूंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, त्या फक्त थांबल्या होत्या. मला वाटतं, मी खरं बोललो असतो तर त्यांनी मला शिव्याही दिल्या नसत्या. निदान आपण बरोबर होतो, एवढं तरी त्यांच्या हाताला लागलं असतं.

"टाकलं होतं काकू," मी म्हणालो.

गुरुजींनी सुस्कारा टाकला. भिंतीला हात लावून उठले आणि काकूंना म्हणाले, "आयकं ना? आते तरी जेव."

काकू माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. मग आत गेल्या. गुरुजी ओसरीच्या खांबाला धरून आतल्या अंधाराकडे कान देऊन उभे राहिले. मी निरोप घेतला तो त्यांना ऐकू आला नसावा. मीही थोडा वेळ तिथेच उभा होतो. भांड्याचा आवाज आला नाही.